एम-सील

चार दिवस फरशीवर हिरवा ठिपका.
पुसला तरी सकाळी पुन्हा तिथेच.
गोड असतं म्हणे ते पाणी, कुत्री चाटतात आणि मरतात,
म्हणून मी त्यावर बंबातली राख टाकत राहिले.

पाचव्या दिवशी केर्लीच्या चढाला काटा लालात गेला
आणि पट्ट्याआडून असा आवाज आला
की म्हशी वळून बघाव्यात.

उद्यमनगरात शौकत मिस्त्री म्हणाला,
"वॉटर पंप संपलाय ताई. गाडी ठेवा. सोमवारी बघू."
मागच्या सीटवरून अप्पांनी विचारलं,
"नुसता पंप केवढ्याला?"

मग थांबत, बॉनेट उघडत, बिसलेरीच्या बाटलीनं पाणी पाजत
खोकं अप्पांच्या मांडीवर, असे आम्ही बावड्याला पोचलो.

बत्तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर होते.
नवा पंप त्यांनी आधी हुंगला,
मग सांध्याच्या रेषेवरून नख फिरवलं.
"ॲल्युमिनियम हाय. बीडाला वजन असतंय."
एवढं बोलून पंप उशाला ठेवून झोपले.

रविवारी सहाला मला हाक.
हात माझे, कारण त्यांचे आता थरथरतात.
तोंड त्यांचं.
"दहाचा पाना. दहाचा म्हणालो.
उलटा फिरवालीस."
टायमिंगच्या खुणांवर मी भाचीच्या लग्नातली
डाळिंबी नेलपॉलिश लावली.
ते हसले नाहीत, पण कुणाला तरी सांगावं
अशा नजरेनं स्वयंपाकघराकडे बघितलं.
तिथे कुणी नसतं आता.

बोल्ट लहान-मोठे. पुठ्ठ्यावर पंप काढून
ज्याचा त्याला भोकात खोचला.
शेवटचा जाम. डिझेल सोडलं, चहा केला,
पुन्हा डिझेल. मग मी एक शिवी दिली
आणि बोल्ट सुटला, अप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

जुना पंप हातात घेतला तर पुली दातासारखी हलत होती.
आणि खाली, पोटाशी,
एम-सीलचा राखाडी गोळा.
त्यावर अंगठ्याचा ठसा, स्पष्ट, रेघा मोजता येतील इतका.

दिवाळीला अभय पुण्याहून आला होता.
दहा मिनिटं गाडीखाली गेला आणि म्हणाला,
"झालं. गळती बंद."

अप्पांनी स्क्रूड्रायव्हरनं गोळा उचकटला.
मागे एक भोक. ज्वारीच्या दाण्याएवढं.
"आतली सील गेली की पाणी हितनं भायेर याचं.
बेअरिंगकडं न्हाई जायचं.
मुद्दाम ठिवत्यात हे."
"गळायला?"
"कळायला."

आई गेली त्या आठवड्यात
अभयच म्हणाला होता, अप्पा, घट्ट राहायचं आता.
आणि ते राहिले. मीही बरं म्हटलं होतं तेव्हा,
पाहुण्यांचा चहा बघायचा होता.

जुनं गॅस्केट ब्लेडनं खरवडायला तास गेला.
खरवडताना कुणी बोललं नाही.
शेजारच्या चौगुल्यांचा पोरगा येऊन उभा राहिला,
"काका, गॅरेज काढताय काय?" म्हणाला, गेला.

पट्टा बसला. खुणा जुळल्या, डाळिंबीला डाळिंबी.
पाणी भरलं, बुडबुडे आले.
आतली हवा जायला हिटर पूर्ण लावावा लागतो.
एप्रिल महिना, दुपारचे दोन,
काचा खाली, आणि आम्ही दोघं
पायांवर गरम वारा घेत बसलेले.
"काट्यावर ध्यान ठेव."
मी ठेवलं. काटा निम्म्यावर आला आणि थांबला.
शेजारी अप्पा नाक ओढत होते.
मी काट्यावरच ध्यान ठेवलं,
बराच वेळ, ठेवायची गरज संपल्यावरसुद्धा.

पुठ्ठ्यावर एक बोल्ट उरला.
कुठला ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.
अप्पांनी तो आणि तो गोळा
तपकिरीच्या जुन्या डबीत टाकला, झाकण लावलं,
"अभ्याला सांगू नगंस," म्हणाले,
बोल्टाबद्दलच, बहुतेक.